कालव्याकडचा चारा

तफीदाने प्लास्टिकच्या कोपऱ्यावरचे दोन टायर बाजूला ढकलले, कागद उचलून मागे दुमडला आणि दोन्ही हातांनी मुरघास, खड्ड्यात दाबून आंबवलेला मक्याचा चारा, उकरायला सुरुवात केली. भर दुपारची वेळ होती. सून विसाल दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर गेली होती, ती तासाभराने येणार होती. तीन म्हशी शेतात होत्या. चौथी, गाभण सुक्कर, तेवढी गोठ्यात होती आणि मान वळवून म्हातारीचा उद्योग बघत होती.

मका ट्रॅक्टरने तुडवून असा घट्ट बसला होता की तिची नखं दुखायला लागली. पण वास स्वच्छ होता, मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखा आंबट. कोपरापर्यंत हात गेला तरी तोच वास. दंडापर्यंत गेला तेव्हा तो बदलला. आणखी वीतभर खाली तिच्या बोटांना पिसं लागली.

ते बदक तिनेच तिथे पुरलं होतं.

चार महिन्यांपूर्वी खड्डा भरला, तेव्हा गावात असा हा पहिलाच होता. विसाल शेतकी शाळेतून शिकून आलेली. तिने दमनहूर शहरातून एक पाकीट आणलं, त्यात पिठासारखी पूड होती. ही पूड जिवंत आहे, तिच्यात चांगले जिवाणू आहेत, ते मका आंबवतात आणि सडू देत नाहीत, असं तिने सांगितलं, तेव्हा तफीदा पोट धरधरून हसली होती. नळाच्या पाण्यातल्या औषधाने जिवाणू मरतात म्हणून विसालने दोन पिंपं पाणी दिवसभर उघडं ठेवलं, तर म्हातारी म्हणाली, पाण्याला ऊन खायला घालणारी सून माझ्याच नशिबी यायची होती. विसाल चिडली नाही. तिने फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवलं. त्या बरणीत तफीदाचं मिश होतं, वर्षभर खारात मुरवलेलं चीज. त्याचा जुना खार तिच्या आईने तिला लग्नात दिला होता, आणि त्यातला वाटीभर प्रत्येक नव्या बरणीत ओतल्याशिवाय मिश लागत नसे.

"तुमच्या बरणीत काय असतं, यम्मा? विरजणच ना? हेही तेच. तुमचं माणसांचं, माझं म्हशींचं."

हे मात्र तफीदाला पटलं. नुसतं पटलं नाही, तिने झारी स्वतःच्या हातात घेतली आणि मक्याच्या थरांवर ते पाणी शिंपडलं, आणि मग सगळ्या गावात सांगत सुटली की आमच्याकडे म्हशींचंसुद्धा विरजण लागतं. तिथेच चुकलं असं तिला नंतर वाटलं. शेजारची उम्म वहीद खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली, बघत बसली आणि म्हणाली, "अग बाई, केवढा हा चारा! वर्षभर आता तुम्हाला बघायला नको." आणि नजर लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाल्लाह न म्हणता निघून गेली.

नजर लागली तर दगड फुटतो, हे तफीदाला लहानपणापासून ठाऊक होतं. नव्या घराच्या उंबऱ्यावर, नव्या ट्रॅक्टरच्या चाकापुढे रक्त सांडायचं असतं. मग एवढा मोठा नवा खड्डा तसाच कसा ठेवायचा? तिने विषय काढला तेव्हा विसालने दोन्ही हात जोडले होते.

"काहीही करा, पण यात नको. यात फक्त जिवंत गोष्टी जायच्या, यम्मा. मेलेलं काही नको."

तफीदा हो म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी, खड्डा अर्धा भरलेला असताना, एक काळं बदक कापून तिने त्याचं रक्त मक्यावर सांडलं आणि मुंडकं फडक्यात गुंडाळून कालव्याकडच्या भिंतीशी खुपसलं. विसालने जमिनीवरचे डाग बघितले आणि विचारलं, तेव्हा तिने मेलेल्या नवऱ्याची शपथ घेऊन सांगितलं की मी काही केलं नाही, बदक रात्रीच्या जेवणाला कापलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बघते तर फडकं नाही आणि मुंडकंही नाही. कुत्र्याने नेलं असणार. नजरेचा उतारा कुत्र्याने नेला, याहून मोठा अपशकुन कोणता? ट्रॅक्टर यायच्या आत तिने दुसरं बदक कापलं आणि तिथेच ते पिसांसकट, सबंध, कुत्र्याचं नाक पोचणार नाही इतकं खोल पुरलं. वरून थर पडले, ट्रॅक्टर फिरला, प्लास्टिक आलं, टायर आले. तिचा जीव भांड्यात पडला.

खड्डा गोठ्याकडच्या बाजूने उघडला तेव्हा चारा असा निघाला की विसालच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हशी अधाशासारख्या खायला लागल्या. दूध वाढलं. हे पुडीमुळे की बदकामुळे, याबद्दल तफीदाचं स्वतःचं मत होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मग परवा डॉक्टर नसीम सुक्करला तपासायला आले. चहा घेता घेता त्यांनी पलीकडच्या एका गावातली गोष्ट सांगितली. तिथल्या खड्ड्यात प्लास्टिकखाली एक मांजर मरून पडलं होतं. कुणाला पत्ता नव्हता. नऊ म्हशी गेल्या.

"आधी जीभ सैल पडते," ते म्हणाले. "मग म्हैस पाण्यात तोंड घालून उभी राहते. वाटतं पितेय. पाणी घशाखाली उतरतच नाही. मग बसते, ती उठत नाही. वाईट एवढंच की शेवटपर्यंत तिला सगळं समजत असतं. धन्याला ओळखते."

तफीदाचा चहा बशीत सांडला. साखर आणते म्हणून ती उठली आणि न्हाणीत जाऊन उभी राहिली. डॉक्टर पुढे बराच वेळ बोलत होते, पण ते तिने ऐकलं नाही. त्या रात्री तिच्या घशाखाली घास उतरला नाही. चार म्हशी म्हणजे ते घर होतं. आणि सुक्कर तर तिचा नवरा गेला त्या वर्षी जन्मलेली, आईविना राहिलेली, तफीदाने बाटलीने वाढवलेली. अजूनही तळहात पुढे केला की ती खरखरीत जिभेने तो बोटांच्या बेचक्यांसकट चाटून काढायची. रबी, तिचा मुलगा, कांद्याचा ट्रक घेऊन गुरुवारी येणार होता. त्याला काय सांगणार, मी बापाची खोटी शपथ घेतली?

म्हणून आज ती खड्ड्यावर गुडघे टेकून बसली होती.

तिने बदक ओढून काढलं. ते जसंच्या तसं होतं, फक्त हाताला शेवाळासारखं लागत होतं. त्याच्या भोवतीचा मका काळपट, ओलसर झाला होता आणि त्याला आंबट वास नव्हता, कुबट गोडसर वास होता. तिने बदक पोत्यात घातलं, चुलाणात कापसाच्या काड्यांखाली ठेवलं आणि पेटवून दिलं. जळेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग खड्ड्याशी परत आली. उकरलेला चारा दोन टोपल्या भरेल इतका बाहेर पडला होता. तो परत तसा घट्ट बसवणं तिच्याच्याने होणार नव्हतं. टाकून देणं तर शक्यच नव्हतं. जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून चुंबून कपाळाला लावणारी बाई ती. चारा झाला म्हणून काय, अन्नच की.

खाली बसून तिने दोन्ही टोपल्यांतली पिसं एक एक करून वेचली. एकही राहू दिलं नाही. वरचा चांगला मका त्यात कालवला आणि टोपल्या सुक्करपुढे ओतल्या. गाभणीला दोन घास जास्तच लागतात. सुक्करने गव्हाण चाटूनपुसून साफ केली आणि मग तफीदाचा हातही. कागद ओढून टायर जागेवर ठेवले, तेव्हा बऱ्याच दिवसांनी तफीदाला मोकळं वाटलं. संध्याकाळी ती पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावरची असरची बांग होऊन गेल्यावर, विसाल चहाचे दोन पेले घेऊन अंगणात आली आणि तिच्याशेजारी चटईवर टेकली. एक पेला तिच्या हातात दिला.

"एक बोलू का, यम्मा? रागावू नका."

"बोल की."

"कालव्याकडचा कागद तुम्ही उचलला होता ना? टायर उलटे ठेवलेत. मी कालच बघितलं."

तफीदाने पेला खाली ठेवला.

"डॉक्टर येऊन गेल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय, ते दिसत होतं मला. मीच आधी सांगायला हवं होतं." विसालने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्हाला तिथे काही सापडलं नसणार. मुंडकं मी त्याच संध्याकाळी काढलं होतं, फडक्यासकट. तुम्ही नमाजाला बसला होतात."

तफीदा तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही सासऱ्यांची शपथ घेतली होतीत. मी काय तोंडावर खोटं पाडू तुम्हाला? म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा मान राहू दे. रबीलाही सांगितलं नाही मी, आणि सांगणारही नाही."

म्हातारीला भडभडून आलं. या पोरीला आपण दोन वर्षं पुस्तकी किडा म्हणून चिडवलं, आणि हिने चार महिने आपली लाज झाकून ठेवली. तिने सुनेचा हात घट्ट धरला. सांगावं की सांगू नये? बदक जळून गेलं होतं. राख उकिरड्यावर गेली होती. जे उरलंच नाही ते सांगून पोरीने दिलेला मान कशाला घालवायचा? तिने चहाचा पेला पुन्हा उचलला.

"कुत्र्याने नेलं असं वाटलं होतं मला," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

विसाल मनावरचं ओझं उतरल्यासारखी बोलत सुटली. नुसतं मुंडकं काढून भागणार नाही हे तिला पुस्तकात वाचल्याचं आठवत होतं, म्हणून तिने आजूबाजूचा टोपलीभर मकाही काढून चुन्यात पुरला होता. त्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, यम्मा साखर आणायला गेल्या होत्या तेव्हा.

"मेलेलं उचलून कुणीही फेकेल, म्हणाले. ते नव्हे भ्यायचं. त्याच्या भोवती आपलं विरजण चालतच नाही, तिथे दुसरंच काही वाढतं, आणि त्याचं विष चाऱ्यात उतरतं. ओंजळभर पुरतं म्हणे एका म्हशीला."

अंगणातल्या चुलीवर किटली वाफाळत होती. तफीदाने चहाचा घोट घेतला होता तो तोंडातच राहिला.

"बरी आठवण झाली," विसाल म्हणाली, "आज सुक्करला फार तहान लागलीय. दुपारपासून हौदाशी उभी आहे, तोंड वर काढत नाही."

तफीदा उठली. चटईवरून गोठ्यापर्यंत पंधरा पावलं होती. सुक्कर हौदावर वाकून उभी होती, नाकपुड्या पाण्याच्या जरा वर, ओठ पाण्यात. तफीदाने तिच्या गळ्याकडे पाहिलं. कातडी हलत नव्हती. हौद सकाळी तिनेच काठोकाठ भरला होता, आणि तो अजून काठोकाठ भरलेला होता.

तिने तळहात पुढे केला. सुक्करने मान वळवली, नेहमीसारखं तोंड हातात घातलं. जीभ बाहेर आली आणि तळहातावर पडून राहिली, गार आणि जड.

"पितेय ना?" विसालने चटईवरूनच विचारलं.

तफीदाने जीभ दोन्ही हातांनी उचलून हळूच तोंडात सारली. ती पुन्हा बाहेर आली.

"विसाल," ती म्हणाली, "डॉक्टरला फोन लाव. बदकं दोन होती."

मागे पेला फरशीवर पडल्याचा आवाज झाला. तफीदाने वळून पाहिलं नाही. सुक्कर तिच्याकडे बघत होती, आणि तिने तिला ओळखलं होतं.