सहा कोंबड्यांचा परवाना

पांढरी जिवंत होती, पण शेपटीकडून निम्मी सोललेली होती. शिवणमावशीने सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तेव्हा बाकीच्या पाच जणी तिला कोपऱ्यात घेरून उभ्या होत्या. मोठी तांबडी मध्येच पुढे होऊन उघड्या मांसात चोच खुपसत होती, ओढत होती, गिळत होती. पांढरी ओरडतही नव्हती. भिंतीला तोंड लावून मुकाट मार खात होती.

मावशीने तांबडीला लाथेने उडवलं, पांढरीला उचलून घरात आणलं, टोपलीत ठेवलं आणि जखमेवर जांभळं औषध लावलं. ही तिसरी खेप. दर वेळी आठवडाभर घरात ठेवायची, खपली धरली की परत सोडायची, आणि दर वेळी बाकीच्या आधीपेक्षा जास्त चवताळून तुटून पडायच्या.

"मेल्यांनो, एवढीशी जागा, सहाच जणी तुम्ही. कसला एवढा माज?" मावशी करवादली.

शहराच्या हद्दीत कोंबड्या पाळू द्याव्यात की नाही, यावर नगरपालिकेने दोन वर्षं डोकं खाजवलं होतं. सभेत खुर्च्या उडाल्या, एका सदस्याने दुसऱ्याचा चष्मा फोडला, आणि अखेर नियम झाला. घरामागे अंगण असेल त्याला सहा कोंबड्या. कोंबडा नाही, कारण तो पहाटे बांग देऊन लोकांची झोपमोड करतो. खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून दहा फुटांवर. दर तीन महिन्यांनी निरीक्षक येऊन पाहणार. हा निरीक्षक म्हणजे मावशीचा जावई. कोंबड्या कशा पाळाव्यात याचं माहितीपत्रक त्यानेच लिहिलं, छापून घेतलं आणि घरोघर वाटलं. गल्लीतला पहिला परवाना त्याने सासूच्या हातात ठेवला, वर सहा कोंबड्याही आणून दिल्या. त्या दिवसापासून मावशीचा भाव असा वधारला की विचारू नका. ब्लाउज शिवायला आलेल्या बायका आधी परवान्याचं काम काढायच्या, मग मापं द्यायच्या. मावशीला तो मान आवडला. खोटं कशाला बोला, फार आवडला.

आणि आतल्या खोलीत कॉटवर तिची लेक पडली होती. वर्षभरात चौथ्यांदा माहेरी आली होती. पहिल्या वेळी ओठ फाटला होता, दुसऱ्या वेळी बरगडी मोडली होती, तिसऱ्या वेळी दोन दात पडले होते. या वेळी डावा कान गेला होता. त्या बाजूने तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सने कानात कापूस घालताना मावशीकडे न बघताच सांगितलं होतं, "पुढच्या वेळी चालत येईल असं नाही हं."

तरीही बॅग भरून दारात ठेवलेली होती. आधीच्या तिन्ही वेळा मावशीने स्वतः ती बॅग उचलून लेकीला नवऱ्याच्या घरी पोचवलं होतं. "डोक्यात राख घालून घेतो, पण मनाने वाईट नाही," असं लेकीला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. आज जावई तपासणीला येणार होता आणि जाताना बायकोला नेणार होता. एका फेरीत दोन कामं.

अकराच्या सुमारास तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. गल्लीतून येताना चार जणांनी नमस्कार केला होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"काय आई, मंडळी कशी आहेत?" तो थेट अंगणात गेला. एक, दोन करत कोंबड्या मोजल्या. "पाचच?"

मावशीने टोपली दाखवली. त्याने पांढरीची जखम पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"कितव्यांदा घरात घेतलीत हिला?"

"तिसऱ्यांदा."

"पत्रक वाचलं नाहीत वाटतं. अहो, मी स्पष्ट लिहिलंय. जखमी कोंबडी बाहेर काढली, बरी केली आणि परत आत सोडली, की बाकीच्या तिला जास्तच मारतात. शेवटी संपवतात. मार खाणारीला हलवायचंच नाही. मारणारीला बाहेर काढायचं. चार-सहा दिवस एकटी पडली, की बरोबर सुतासारखी सरळ होते."

"आणि नाही झाली तर?"

तो हसला. खुराड्यात वाकला, तांबडीला तंगड्या धरून बाहेर ओढलं, तिचं डोकं दोन बोटांत पकडलं, खाली खेचलं आणि पिळलं. कट्‌ असा बारीक आवाज झाला. पंख मात्र कितीतरी वेळ फडफडत राहिले, त्याच्या शर्टावर रक्ताचे दोन थेंब उडाले. त्याने ती बादलीजवळ भिरकावली आणि नळाखाली हात धुतले, नखांसकट, सावकाश.

"मग हे. शिजवा आता." आणि फाइल उघडून त्याने लिहिलं, पक्षी पाच, स्थिती उत्तम.

कोंबड्या मरताना मावशीने आयुष्यात कमी पाहिल्या नव्हत्या, त्याचं काही नव्हतं. पण हा माणूस सगळं जाणतो, हे तिला आज कळलं. बिचाऱ्याला राग आवरत नाही, आपण काय करतो ते त्याला समजत नाही, असं ती वर्षभर धरून बसली होती. आणि इथे मार खाणाऱ्याचं पुढे काय होतं, कुणाला बाजूला काढायचं, हे सगळं त्याने छापून गावभर वाटलं होतं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर, आणि तीन वेळा बॅग उचललेल्या स्वतःच्या हातांवर.

"जावईबापू, ती आज येणार नाही," ती म्हणाली.

"बॅग तर दारात दिसतेय." तो तिला ओलांडून आत गेला.

लेक कॉटवरून उठून शिलाई मशीन चालवत बसली होती, दाराकडे डावी बाजू करून. त्याने हाक मारली. मशीनच्या खडखडाटात तिला ऐकू गेली नाही. त्याने पुन्हा मारली. ती तशीच बसलेली पाहून त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"ऐकू येत नाही का गं?"

येत नव्हतं. त्यानेच घालवलं होतं. पण एवढा विचार करायला तो थांबला नाही. त्याने मागून तिचे केस मुठीत धरले आणि तोंड मशीनच्या लोखंडावर आपटलं. एकदा. मग नाकातून रक्ताची धार लागलेली असताना दुसऱ्यांदा. लेक ओरडली नाही. भिंतीकडे तोंड वळवायला तेवढी धडपडली.

मावशीच्या टेबलावर कपड्यांची जुनी इस्त्री होती, चांगली चार किलोची. ती तिने दोन्ही हातांनी उचलली आणि केस धरलेल्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं तिला तळहातांत जाणवलं. तो गुरासारखा ओरडला, वळला, डाव्या हाताने तिचा गळा धरायला आला. तिने दुसरा घाव खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. "आई, आई, थांबा," म्हणाला. मावशीने इस्त्री तिसऱ्यांदा वर नेली ती त्याच्या टाळूचा नेम धरून, आणि मनात दयामाया काडीची नव्हती.

तेव्हा तिला लेक दिसली. मशीनखाली अंग चोरून, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली होती. नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती वर उचललेल्या इस्त्रीकडे बघत होती आणि वाट पाहत होती. आईही आपल्यालाच मारणार, असं तिला वाटलं होतं.

मावशीने जन्मात लेकीला बोट लावलं नव्हतं. पण त्या नजरेपुढे तिला हे म्हणायचं तोंड राहिलं नाही. इस्त्री हळूच खाली आली.

तेवढ्यात तो धडपडत मागच्या दाराने अंगणात पळाला आणि खुराड्याच्या जाळीवर जाऊन आदळला. कोंबड्यांनी एकच कल्लोळ केला. शेजारचे मास्तर आणि त्यांचे दोघे भाडेकरू काठ्या घेऊन कुंपणाशी धावले.

"मांजर शिरलं का हो?" मास्तरांनी विचारलं आणि त्यांना निरीक्षक दिसला, जाळीला टेकलेला, हात लोंबतोय, शर्टाला रक्त. "अरे बापरे! साहेब, काय झालं?"

"पडलो," तो म्हणाला. सासूने मारलं हे चारचौघांत सांगायची त्याची छाती नव्हती. "पाय घसरला. काही नाही, पडलो."

मावशी दारात उभी होती. हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता. ओठ, बरगडी, दात, कान, चारही वेळा गल्लीला तिनेच तो सांगितला होता. आता नुसती मान हलवायची होती. तो निघून गेला असता, परवाना राहिला असता, पोलीस आले नसते. आणि हात जुळून आला की तो बॅग न्यायला परत आला असता.

"पडले नाहीत ते," मावशी म्हणाली. "मी मारलं. इस्त्रीने, दोनदा."

मास्तरांच्या हातातली काठी खाली गेली. "मावशी, काय बोलताय? शुद्धीवर आहात ना?"

"आहे. आणि माझी पोरही कधी पडली नव्हती. हा मारतो तिला. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगत आले."

"पोलिसांना बोलवावं लागेल हो," मास्तर पुटपुटले.

"बोलवा. मी कुठे पळून जातेय?"

मागे मशीन सरकल्याचा आवाज झाला. लेक भिंतीला धरत दारापर्यंत आली. नाकातून अजून रक्त गळत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं नाही.

"काय म्हणालीस?" तिने आईला विचारलं. "परत सांग."

मावशीने परत सांगितलं.