काठी उचलून बघ

रांग सभागृहाच्या दारातून बाहेर पडून, जिना उतरून, थेट खालच्या सायकल-स्टँडपर्यंत पोचली होती. रांगेतली निम्मी माणसं कानानं अधू, त्यामुळे कुजबुज म्हणून जे काही चाललं होतं ते पलीकडच्या चौकात ऐकू जात होतं.

"काल एका म्हाताऱ्याला ऐकू आलं म्हणे! वीस वर्षांनी!"

"अहो, हळू!"

"काय म्हणालात?"

आत मंचावर लाल गालिचा अंथरला होता. मधोमध एक पितळी वाटी, आणि त्या वाटीत उभी कमरेइतकी उंच, जाड लाकडी काठी. काठीमागे नादबाबा. पांढरी दाढी, पांढरे कपडे आणि घसा असा की लाऊडस्पीकरची गरजच नाही.

"ही काठी तपासा!" बाबा गरजले. "हातात घ्या, ठोका, हवी तर चावून बघा! आत तार नाही, बॅटरी नाही, यंत्र नाही. विश्व जन्मलं तेव्हा जो पहिला आवाज झाला, तो या लाकडात थांबून राहिलाय. तो कानानं ऐकायचा नसतो. कपाळानं ऐकायचा असतो!"

काठी लोकांतून फिरली. एका सुतारानं ती उलटसुलट करून पाहिली, नखानं टोकरली, हुंगली आणि सांगून टाकलं, "भरीव आहे." सुतारानंच सांगितलं म्हटल्यावर बोलायलाच नको. काठी परत वाटीत गेली, आणि एकदा ती वाटीत गेली की तिला हात लावायची कुणालाच मुभा नव्हती. माणसानं गुडघ्यांवर बसायचं, कानांत बोटं घालायची आणि काठीच्या टोकावर कपाळ टेकवायचं.

काहींना ऐकू येई. ते रडत, हसत, बाबांच्या पायावर लोळण घेत. काहींना काही म्हणजे काही ऐकू येत नसे. त्यांच्यासाठी बाबांचं उत्तर तयार असे, "पापाचा मळ आहे. आणखी सात वेळा ये." म्हणजे ऐकू आलं तर बाबांचा पराक्रम आणि नाही आलं तर तुझं पाप. असा सोयीस्कर धंदा दुसरा नाही.

या रांगेत खटपट्या नाइलाजानं उभा होता. चाळिशी उलटलेला हा गृहस्थ रेडिओ, स्पीकर, अँप्लिफायर दुरुस्त करून पोट भरायचा. त्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. हात रिकामा राहिला की याला चैन पडत नसे. आताही तो शर्टाचं बटण गोल गोल फिरवत होता, आणि पुढे उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीनं मागे न बघताच त्याच्या हातावर चापट मारली.

ताई शिवणकाम करायची. चार वर्षांपासून तिचे दोन्ही कान बसत चालले होते. जवळ जाऊन ओरडलं तरच काहीतरी गुणगुण पोचायची. त्यात गेल्या वर्षी डावा कान वाहायला लागला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, "कानामागचं हाड कुरतडलं जातंय. हे मेंदूपर्यंत गेलं तर जिवावर बेतेल. गुरुवारी ऑपरेशन." आज मंगळवार होता.

ताईची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, कपाळ टेकवलं, आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचा चेहराच बदलला.

"येतोय!" ती किंचाळली. "अरे, आवाज येतोय रे! स्वच्छ येतोय!"

खरं सांगायचं तर खटपट्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं ज्या बहिणीशी तो खाणाखुणांनी बोलत होता, ती आवाज आला म्हणून लहान मुलीसारखी रडत होती. कोण वेडा अशा वेळी शंका काढेल?

तेवढ्यात शिष्यानं पुठ्ठ्याची एक पाटी तिच्यासमोर धरली. बहिऱ्यांसाठी अशा पाट्यांची चळतच त्याच्या काखेत होती. पाटीवर लिहिलं होतं: "कानाला सुरी लावाल तर नाद कायमचा जाईल." ताईनं ती दोनदा वाचली आणि जोरजोरात मान हलवली.

आता खटपट्याची पाळी होती. तो पुढे झाला, गुडघे टेकले, कानांत बोटं घातली आणि कपाळ लावलं.

आवाज होता. अगदी खराखुरा. खालच्या जाड हुंकारापासून सुरू होऊन चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत जाणारा. मग अचानक परत खाली. परत हुंकार, परत चढण, परत शिट्टी. त्यानं मनात सेकंद मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठ. विश्वाचा पहिला आवाज दर आठ सेकंदांनी पहिल्या पायरीवर कशाला येईल?

आणि हा आवाज आपण रोज ऐकतो, हे त्याला मंच उतरता उतरता आठवलं.

त्याच्या दुकानात टेबलावर फंक्शन जनरेटर होता. हव्या त्या सुराची वीज काढून देणारा डबा, दुसरं काही नाही. चकती फिरवली की सूर खाली-वर होतो. एक बटण दाबलं की डबा स्वतःच खालपासून वरपर्यंत सगळे सूर ओळीनं काढतो, संपले की पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्त केलेला स्पीकर कुठल्या सुराला फाटतो, कुठे खरखरतो, हे खटपट्या असंच तपासायचा. बाबांचा आदिनाद म्हणजे स्पीकरची तपासणी होती!

पण काठी तर भरीव होती.

ताईच्या घरी कापड बेतायच्या टेबलावर त्या दोघांचं बोलणं चालायचं. ती तोंडानं बोलायची, तो तिच्या खडूनं टेबलावर लिहायचा. त्यानं लिहिलं, "बाबा फसवतोय."

"मला ऐकू आलं, ते काय मी स्वप्नात ऐकलं?" ताई कडाडली. "तुलाही आलं ना? खरं सांग!"

त्यानं लिहिलं, "आलं. पण यंत्रातून."

"काठी सुतारानं बघितली. तू यंत्रवाला, तुला देवातही स्क्रूच दिसणार! मी नाही जात त्या दवाखान्यात." आणि तिनं फडक्यानं टेबल पुसून टाकलं. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ.

दुकानात आल्यावर खटपट्याला बसवेना. चहा मागवला, तो तसाच गार झाला. दोनदा शटर ओढलं, दोनदा उघडलं. त्यानं जनरेटर सुरू केला, अँप्लिफायर जोडला आणि कागद फाटून गेलेला, नुसत्या कॉइलचा, हवेत जवळपास आवाजच न करणारा एक स्पीकर त्याला लावला. स्पीकर टेबलाच्या फळीवर आपटून ठेवत तो स्वतःशीच म्हणाला, "काठीत तार नाही, बॅटरी नाही. मग आवाज शिरला कुठून?"

टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर थरथरायला लागला.

खटपट्या त्याच्याकडे बघतच राहिला. पंख्याची मोटर आतून कुठे खरखरते हे शोधायला तो काय करायचा? स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. आवाज लोखंडातून हाडात, हाडातून थेट आतल्या कानात. स्क्रू-ड्रायव्हरमध्ये कुठे यंत्र असतं? यंत्र असतं ते खाली!

त्यानं झाडूचा दांडा काढला, फळीवर उभा केला, कानांत बोटं घातली आणि कपाळ टेकवलं. हुंकार, चढण, शिट्टी. दांडा उचलला, शांत. ठेवला, हुंकार.

"अरे चोरा!" तो एकटाच ओरडला. समोरचा पानवाला दचकून बघायला लागला.

पण आनंद टिकला नाही. ताईला दुकानात आणून दाखवावं, तर ती म्हणणार, तुझ्या दुकानात काय, सगळंच वाजतं. आणि समजा काठीच्या बुडात खरंच काही बारीक यंत्र दडवलेलं असलं, सुताराला न दिसलेलं, तर? मग आपण तोंडघशी पडू आणि ताई हातची जाईल. या विचारानं त्याला रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमच्या ताईंनी नको म्हणून निरोप पाठवलाय. मी आज पाचपर्यंत थांबते. मग ती वेळ दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल."

खटपट्या तडक ताईकडे गेला. या वेळी त्यानं वाद घातला नाही. खडू घेऊन एवढंच लिहिलं: "आज कपाळ लावशील तेव्हा काठी वाटीतून उचल. बोटभर. ऐक. परत ठेव. ऐक."

ताईनं वाचलं. "एवढंच?"

त्यानं मान डोलावली.

"करते. पण उचलल्यावरही नाद चालूच राहिला, तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. कबूल?"

खटपट्याचा हात खडूवरच थांबला. बहिणीचा जीव आणि एका काठीची बोटभर हालचाल! शेवटी त्यानं लिहिलं, "कबूल."

सभागृहात आज कालच्या दुप्पट गर्दी. बाबांनी काठी फिरवली, सुतार पुन्हा "भरीव" म्हणाला, काठी वाटीत बसली. ताई गुडघ्यांवर बसली. कपाळ टेकवलं. चेहऱ्यावर तेच कालचं हसू आलं. तिनं भावाकडे असं बघितलं की झालं तुझं समाधान?

ती उचलत नाहीये, खटपट्याच्या मनात आलं. संपलं सगळं.

मग ताईनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि कपाळ तसंच ठेवून उचलली.

तिचं हसू थांबलं. तिनं काठी ठेवली. उचलली. ठेवली. परत उचलली.

"अहो! अहो बाई! हात नाही लावायचा!" बाबा ओरडले. पण ताई बहिरी. बाबांचा गरजणारा घसा आयुष्यात पहिल्यांदा फुकट गेला. शिष्य घाईघाईनं पाट्या चाळायला लागला. "सात वेळा या" निघाली, "सुरी लावाल तर" निघाली, "तेल दोनदा लावा" निघाली. काठी उचलू नका, अशी पाटी करून ठेवायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

ताई काठी घेऊन मंचावरून खाली उतरली. ती फरशीवर उभी करून कपाळ लावलं. काही नाही. मंचावर चढून कडेला लावली, पुसटसा आवाज. वाटीत लावली, पुरता हुंकार. कापडातली हरवलेली सुई शोधावी तशी ती ठिकठिकाणी काठी टेकवत होती. मग ताठ उभी राहिली आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली,

"काठीत काही नाही! आवाज खालून येतोय!"

खटपट्या एका उडीत मंचापाशी पोचला आणि त्यानं मंचाच्या कडेला सोडलेली कापडी झालर ओढली. फळीखाली वाटीच्या बरोबर बुडाला कागद काढलेला स्पीकर चिकटवला होता. शेजारी अँप्लिफायर, आणि त्याच्याशेजारी, अगदी त्याच्या दुकानातल्यासारखा, फंक्शन जनरेटर. त्याच्या काचेवर आकडे भराभर चढत होते आणि आठ सेकंदांनी धपकन खाली येत होते.

"ते... ते नाद मोजायचं यंत्र आहे!" बाबा म्हणाले.

"हो का?" खटपट्या म्हणाला. "मग मी ते बंद केलं तर नाद चालूच राहील. मोजपट्टी काढून घेतली म्हणून कापड कुठे जातंय?"

त्यानं खटका दाबला. सुतार स्वतः पुढे आला, काठी वाटीत ठेवून कपाळ टेकवलं, बराच वेळ तसाच बसला आणि लालबुंद होऊन उठला.

"काही नाही," तो म्हणाला. "मी लाकूडच तपासत बसलो. फळीखाली बघायचं कुणाला सुचलं नाही."

मग जो गलका झाला त्यात बाबा आणि शिष्य मागच्या दारानं कधी सटकले, कळलंही नाही. पुठ्ठ्याच्या पाट्या तेवढ्या विखरून पडल्या होत्या.

ताई मंचाच्या कडेला बसून रडत होती. आज वेगळं रडणं होतं. भाऊ जवळ येताच तिनं त्याचा हात झिडकारला.

"चार वर्षांनी काहीतरी ऐकलं होतं रे मी," ती म्हणाली. "तेही खोटं काढलंस."

खटपट्या तिच्याशेजारी टेकला. त्यानं खिशातून तिचाच खडू काढला आणि लाल गालिच्यावर लिहिलं: "आवाज खरा होता. बाबा खोटा होता."

ती बघत राहिली. त्यानं पुढे लिहिलं, "हाडातून ऐकलंस. म्हणजे आतला कान जिवंत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासताना सूर काढणारा तो लोखंडी चिमटा वाजवून कपाळाला लावला होता, आठवतं?"

ताईनं डोळे पुसले. "तो चिमटा? हो की. गुणगुणला होता कपाळात." तिनं विचारलं, "मग त्या बाईंनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," त्यानं लिहिलं. "त्यांच्याकडे लाल गालिचा नव्हता."

ताई हसली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एकदम उठली. "बघतोस काय असा? पाच वाजायच्या आत फोन लाव त्यांना!"

ऑपरेशन झालं. कुरतडणारी गाठ निघाली, हाड बचावलं. ऐकणं काही लगेच परत आलं नाही, आणि येईल असं डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलंही नव्हतं. जखम भरल्यावर काही महिन्यांनी त्यांनी ताईला एक लहानसं यंत्र दिलं, कानामागच्या हाडावर दाबून बसणारं. आवाज हाडातून आत. युक्ती तीच, बाबांची. फक्त गालिच्याखाली लपवलेली नाही.

आता ताईकडे कपडे शिवायला येणाऱ्या बाया विचारतात, हा चमत्कार झाला कसा? ताई यंत्र काढून त्यांच्या हातात देते. "हे काढलं की बंद, लावलं की चालू. करून बघा," म्हणते. "जो करून बघू देतो, त्याचं ऐका. जो हात लावू नका म्हणतो, त्याची काठी आधी उचला!"

आणि परवा खटपट्याच्या दुकानात ती सहज येऊन बसली होती. तो एका स्पीकरला खालपासून वरपर्यंत सूर देत होता. हुंकार, चढण, शिट्टी, पुन्हा हुंकार. चार वेळा झालं, पाच वेळा झालं.

"अरे, बंद कर की ती कटकट!" ताई ओरडली. "कान किटले माझे!"

खटपट्यानं जनरेटर बंद केला. मग पाठ फिरवून तो बराच वेळ उगाचच एक स्क्रू आवळत बसला.