आमेननंतर बोलायचं

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आता ब्याऐंशीव्या वर्षी मागे वळून पाहते तर ती बाई मला तरुणच वाटते, आणि थोडी बावळटही.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकाने ख्रिस्ती लेखकांचं एक दिवसाचं संमेलन भरवलं होतं. संमेलन म्हणायला मोठं, माणसं मोजून चौदा. प्रार्थनामंदिरामागच्या संडेस्कूलच्या खोलीत घडीच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. फळ्यावर आदल्या रविवारचं नोहाचं तारू कुणीतरी पुसलं होतं, पण वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचला नसावा. तिथे एका जिराफाची मान तेवढी उरली होती.

त्याच खोलीत माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, चाळीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. आणि माझ्या पिशवीतली सात पानं ताईवरच लिहिलेली होती.

ताई त्याच्या वर्षभर आधी गेली होती. शेवटचे तीन महिने माझ्याच घरी होती. तिचा एकुलता एक मुलगा जहाजावर इंजिनियर, भर समुद्रात. तो काही पोचू शकला नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत ताईने प्रार्थना करणं सोडलं. चर्चचे पाळकसाहेब आले की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा मी चिडले. म्हटलं, "अगं, लोक काय म्हणतील?" तर म्हणाली, "चाळीस वर्षं मीच देवाशी बोलत आले गं. आता जरा त्याने बोलावं. मी ऐकतेय ना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुला लिहायची खोड आहे. माझ्यावर लिहिल्याशिवाय राहणार नाहीस. जसं झालं तसं लिही. मला गोडबिड करू नकोस."

मी हो म्हटलं. तेवढं एकच तिने मागितलं होतं.

ती गेली तेव्हा मी तिच्या पायांना तेल चोळत होते. माझ्या लेखाचं शेवटचं वाक्य असं होतं: "त्या सकाळी ती काही बोलली नाही, आणि ज्याने बोलावं म्हणून ती थांबली होती, तोही काही बोलला नाही."

संमेलनाची एक रीत होती, संपादकांनी घालून दिलेली. ते पूर्वी हेडमास्तर होते, आणि तांबडी पेन्सिल त्यांच्या खिशातून शाळेबरोबर सुटली नव्हती. ज्याचा लेख असेल त्याने खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. लेख दुसऱ्याने वाचायचा. बाकीच्यांनी मतं द्यायची. ठरेल ती दुरुस्ती संपादक पानावर करणार, मग त्या लेखासाठी प्रार्थना. आमेन होईपर्यंत लेखकाने अवाक्षर काढायचं नाही. "आमेननंतर हवं तेवढं बोला," ते म्हणाले. "आधी बोललात तर तुम्ही लेख वाचवायला बघाल. आईला आपलं पोर गोरंच दिसतं."

माझ्याआधी एका कंपाउंडरचा नंबर होता. त्याच्या प्रत्येक कवितेत एक वादळ आणि एक होडी. चौदांतल्या एका नर्सबाईंनी विचारलं, "समुद्र पाहिलाय का हो कधी?" खुर्चीतला कंपाउंडर ओठ घट्ट मिटून लाल झाला आणि सगळे हसले. मीही हसले.

मग मी त्या खुर्चीत बसले. पाळकसाहेबांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, वाचलं. त्यांचा आवाज गोड, आणि वाचलंही मनापासून. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी पानं हळूच मांडीवर पालथी ठेवली. मला वाटलं, पोचलं.

"शेवट अंगावर येतो," कंपाउंडर हळूच म्हणाला. "पण मला तो—"

"येतो ना?" संपादक म्हणाले. "तेच म्हणतोय मी. ही श्रद्धेची साक्ष आहे. साक्ष अशी अर्ध्या रस्त्यात सोडत नाहीत."

"आणि आम्ही ओळखत होतो हो त्यांना," पाळकबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच स्तोत्रं शिकवली. ही बाई अशी गेली असं वाचून मुलांनी काय समजायचं?"

नर्सबाई म्हणाल्या, "मी किती मरणं पाहिलीत. अगदी शेवटी माणसाचे ओठ हलतात. हलतातच. जवळच्यांचं लक्ष नसतं."

"या तर पायांशी बसल्या होत्या," संपादक म्हणाले. "तोंड दिसणार कुठून?"

मला दिसत होतं. उशी उंच होती, खिडकी समोर होती, ओठ हलले नव्हते. मी मान जोरजोरात हलवली. संपादकांनी बोट वर केलं, वर्गात करावं तसं, आणि हसले. "आमेननंतर, बाई."

मी खाली बघायला लागले. नाही, खाली नाही, त्या जिराफाकडे. तांबड्या पेन्सिलीने माझं वाक्य खोडलं गेल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या जागी त्यांनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: "तिचे ओठ हलले. ती प्रार्थना होती." कुणीतरी सुस्कारा टाकला. समाधानाचा.

पाळकबाईंनी डोळे मिटले. "हे देवबापा, आमच्या या भगिनीच्या शेवटच्या प्रार्थनेबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. या लेखाने अनेकांचं सांत्वन होऊ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो."

"आमेन."

मीसुद्धा म्हटलं. बोलता यायला लागल्यापासून मी प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणत आले आहे. शिंक आल्यावर डोळे मिटतात तसं ते होतं. त्यात मी चाळीस वर्षं गायनवृंदात पहिल्या रांगेतली. माझाच आवाज सगळ्यांत स्वच्छ आला.

"आता बोला," संपादक म्हणाले.

"साहेब, ते शेवटचं तसं नाही. तिने प्रार्थना केली नव्हती."

"अहो, आत्ता तर आमेन म्हणालात."

सगळे हसले. चेष्टेने नव्हे, मायेने. तिथेच तर माझी पंचाईत झाली. कुणी भांडलं असतं तर मीही भांडले असते.

चहाच्या वेळी मी त्यांना दारात गाठलं. म्हटलं, "माझी पानं परत द्या."

"पहिल्यांदा छापून येतंय ना?" त्यांनी फाईलची नाडी बांधली. "असंच होतं. माझा पहिला लेख आला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. सोमवारी छपाईला जातंय, काळजी करू नका."

मला ती फाईल त्यांच्या हातातून ओढून घेता आली असती. म्हातारा हडकुळा माणूस होता. पण मी तिथेच पेला धरून उभी राहिले. आणि लपवत नाही, लेखाखाली माझं नाव येणार होतं. भीड की नाव, कोणतं जड झालं, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन संपादकांना पत्र लिहिलं, शेवटी माझंच वाक्य ठेवा म्हणून. त्याचं उत्तर आलं ते अंकाच्या दोन प्रतींबरोबरच. "आपली नम्रता पाहून आनंद झाला," एवढंच.

दोन महिन्यांनी भाचा जहाजावरून सुट्टीवर आला. तडक माझ्याकडे. मी चहा ठेवला, बिस्किटं काढली. येऊन पाहते तर त्याच्यासमोर टेबलावर तो अंक उघडा. पाळकबाईंनी स्टेशनवरच त्याच्या हातात दिला होता.

"मावशी, तू मला कळवलं का नाहीस?"

"काय रे?"

"आईने शेवटी प्रार्थना केली ते. पाळकसाहेबांनी मला पत्रात लिहिलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून असते म्हणून. वर्षभर मी तेच धरून बसलो होतो. वाटायचं, मी आलो नाही म्हणून रुसून तोंड फिरवलं तिने."

सहा फुटांचा माणूस. टेबलावर कपाळ टेकून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझी हस्तलिखित प्रत मागच्या खोलीत कपाटात होती, साड्यांखाली. दहा पावलांवर.

"काय म्हणत होती गं? काही शब्द कळले?"

ताई, मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"फार हळू रे," मी म्हटलं. "नुसते ओठ हलले."

तो हसला, डोळे पुसले. म्हणाला, "मावशी, प्रार्थना कर ना. आईसाठी."

आम्ही डोळे मिटले. मी काहीच बोलू शकले नाही. गॅसवर आधणाचा आवाज येत होता, भाचा वाट बघत होता. शेवटी त्यानेच आमेन म्हटलं, आणि उठून गॅस बंद केला.