राखीव ब्लॉक

ताईचा क्रेन चालवणारा धाकटा भाऊ मानेने लांब, त्यातून दिवसभर उंचावर बसलेला, म्हणून घरात सगळे त्याला बगळ्या म्हणायचे. गर्डर उचलताना त्याच्या क्रेनचा वायररोप तुटला आणि खाली उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला. मालकाचा वकील म्हणाला, वजन जास्त उचललंस एवढं कबूल कर, थोडक्यात मिटवतो. पण बगळ्या ऐकतोय कशाला. "क्रेनवरच्या डबीत दर सेकंदाचं वजन लिहिलेलं असतं," तो छातीठोकपणे म्हणाला. "ती उघडा. माझ्या ताईच्या कंपनीची आहे."

हे खरं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. डबीत नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर ताईनेच लिहिलं होतं.

नोंदी ज्या फ्लॅश चिपवर साठतात तिचं असं असतं, की तिच्यातले काही ब्लॉक, म्हणजे साठवणीचे कप्पे, जन्मतःच खराब निघतात आणि काही लिहून लिहून झिजून मरतात. म्हणून सॉफ्टवेअर थोडे ब्लॉक राखून ठेवतं, आणि एखादा मेला की त्याच्या जागी राखीवातला बसवतं. राखीव संपले की लिहिणं बंद, आहे तेवढं वाचा. ताईने हजारामागे वीस राखले होते. तिचे साहेब म्हणाले, "वीस कशाला? दहा कर. खोक्यावर साठा मोठा दिसेल. ज्याला जास्त हवे तो बदलून घेईल, डीफॉल्टच तर आहे." डीफॉल्ट कुणी म्हणजे कुणी बदलत नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं, तिने स्वतःच्या फोनची रिंगटोनसुद्धा कधी बदलली नव्हती. तरी केले दहा. साहेबांपुढे रोज कोण डोकं फोडणार? शिवाय राखीव संपले की तसा इशारा नोंदवायची सोय तिने केली होती.

चौकशी अधिकारी डबी घेऊन ताईच्या कंपनीत आले. बहीण म्हणून ताईला हात लावायची बंदी, त्यामुळे तिथल्या टेस्टरने डबी उघडली आणि ती त्याच्या मागे उभी राहिली. शेवटची नोंद मागल्या उन्हाळ्यातली निघाली. अपघात हिवाळ्यातला.

"राखीव संपले, साहेब," टेस्टर म्हणाला. "वीस असते तर अजून चाललं असतं."

"मग तुमच्या माहितीपत्रकातला तो इशारा कुठे आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

टेस्टर चाचरला. "इशारा याच चिपवर लिहिला जातो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे लिहायला जागा उरली नाही, हे लिहायचं कुठे, तर त्याच जागेवर?"

एखाद्या शिकाऊने ही चूक केली असती तर ताईने त्याची सात पिढ्या आठवतील अशी हजेरी घेतली असती. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. कामावरून काढल्यापासून तो घरीच असायचा. ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता. ताईने त्याला सगळं सांगितलं, दहाचं आणि इशाऱ्याचंही, काही हातचं राखलं नाही. तो चिडेल, वाट्टेल ते बोलेल, असं तिने धरलंच होतं. खरं तर तिला तेच हवं होतं. तो सोलत राहिला.

"वकिलाला काय सांगायचं?" शेवटी तिनेच विचारलं.

"ते राहू दे." त्याने सुरी खाली ठेवली. "ताई, त्या दिवशी वजनाच्या काट्यावर आकडा काय होता?"

"मला काय माहीत? मर्यादेच्या आत होता असं तूच सगळ्यांना सांगत होतास."

"सांगत होतो. डबीत असणारच, या भरवशावर सांगत होतो. आठवायला बसलो की रोज वेगळा आकडा दिसतो गं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "तो माणूस माझ्या हातून गेला की नाही, हे आता मला कोण सांगणार?"