न काढलेलं प्लास्टिक

“कुमा करायचीच तर पोराबाळांत रमलेली कर. एकटीदुकटी बाई कुमा केलीस, तर उद्या ती तुझ्या घरातून हलायची नाही,” स्ताना मावशीनं लग्नाआधी नेवेनाला बजावलं होतं. नेवेना तेव्हा केसांना रंग लावून बसली होती. “नाही हलली तर भांडी घासायला लावीन,” ती हसत म्हणाली, आणि तिनं यागोदालाच कुमा केलं.

कुमा म्हणजे लग्नाची साक्षीदार आणि पुढे पोरांची धर्ममाता, रक्ताहून जवळचं नातं. यागोदा तिची कॉलेजातली मैत्रीण. लग्नात साक्षीला तीच उभी राहिली, आणि आता नेवेनाच्या तान्ह्या लेंकाच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातांवर धरायचा मानही तिचाच होता. नीश शहरात माणूस सख्ख्या भावाला कोर्टात खेचेल, पण कुमाशी चढ्या आवाजात बोलणार नाही.

नेवेनाची बाळंतपणाची रजा संपत आली होती. घरी बसून इमारतींचे नकाशे काढायला ऑफिसनं होकार दिला, पण तिचा जुना लॅपटॉप एक जिना काढायचा म्हटला तरी धापा टाकायचा. म्हणून ओग्नेननं सुटे भाग मागवून नवा कॉम्प्युटर घरीच जोडला. नवरा संगीतशाळेत अकॉर्डियन शिकवणारा. स्क्रू आवळतानाही गुणगुणत होता. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले. नातीला सांभाळायला येणाऱ्या सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. पण सिस्टीम काही चढेना. अर्ध्या फाइली उतरल्या की पडदा काळा, आणि यंत्र गप्प.

“यागोदाला बोलवू या?” ओग्नेननं विचारलं.

“बोलाव की,” नेवेना म्हणाली. हे आपल्याच तोंडून गेलं, हे तिला पुढे फार लागलं.

यागोदा टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होती. ती आली ती ओले केस घेऊन, कोटाच्या खिशात पेनड्राइव्ह आणि हातात संत्र्यांची पिशवी. खोली एकच, एका भिंतीला टेबल, दुसरीला लेंकाचा पाळणा. नेवेनाच्या अंगावर दुधाचे डाग पडलेला टी-शर्ट, आणि यागोदा वाकली की शाम्पूचा वास दरवळायचा. तो वास नेवेनाला ओळखीचा होता. तिनंच कधीतरी वाढदिवसाला ती बाटली दिली होती.

“पेनड्राइव्हच फुटका असेल तुझा,” यागोदा म्हणाली.

“माझं सगळंच फुटकं असतं गं,” ओग्नेन म्हणाला.

“अकॉर्डियन सोडून.”

“तेही हल्ली ऐकलं नाहीस.”

दोघं हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते नेवेनाला समजेना. आपल्याशी बोलताना हा शेवटचा असा कधी हसला, हे ती आठवत बसली, आणि आठवेना म्हणून आणखीच जळली.

पेनड्राइव्ह बदलला, तरी यंत्र अर्ध्यावरच बंद पडलं. पुढच्या खेपेला यागोदानं मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून लावून पाहिल्या. त्याच्या पुढच्या खेपेला ती करड्या लेपाची नळी घेऊन आली. “प्रोसेसर आणि पंख्याचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लेप लागतो, तो तू नीट लावला नसशील,” असं सांगून तिनं ओग्नेनला कसलीशी वायर आणायला बाजारात पिटाळलं. नेवेना न्हाणीघरात लेंकाला आंघोळ घालत होती. बाहेरून स्क्रू सुटल्याचे आवाज तिनं ऐकले. तरी त्या संध्याकाळीही यंत्र मेलंच.

“पुन्हा यावं लागणार,” यागोदा म्हणाली. तिच्या आवाजात वैताग नव्हता. नेवेनानं ते टिपलं. ओग्नेनच्या कॉफीत अर्धाच चमचा साखर घालायची, हे यागोदानं न विचारता केलं, तेही टिपलं.

“तुमची कुमा फार येते हल्ली,” सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या.

“कॉम्प्युटर बिघडलाय, आई.”

“तेच म्हणते मी. बिघडलाय म्हणून येते.”

नेवेना रात्री नवऱ्याचा फोन पाहू लागली. फोनमध्ये केबल, पेनड्राइव्ह आणि ‘उद्या येऊ का?’ याशिवाय काही नव्हतं. काहीच नाही म्हणजे नक्कीच पुसलंय, असं तिला वाटलं. हे वाटणं वेडेपणाचं आहे, हेही तिला कळत होतं. कळून उपयोग शून्य.

एकदा ओग्नेन शाळेत गेला होता आणि लेंका झोपली होती. नेवेनानं स्वतःच यंत्र चालू केलं. फाइली उतरू लागल्या, पडदा काळा झाला. तिनं झाकण उघडून आत हात घातला. तापलेल्या पोरीच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात आपोआपच गेला. पंख्याचा धातूचा ठोकळा गार होता, अगदी गारेगार. खालचा बोर्ड मात्र चटका देत होता. लेंकाला पहिला ताप चढला तेव्हा अंग भाजत होतं आणि हातपाय थंडगार पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अंगातली उष्णता हातापायांपर्यंत पोचत नाहीये.

नेवेनानं स्क्रू काढून ठोकळा उचलला. त्याच्या तळाला पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. कडेला लाल अक्षरांत लिहिलेलं: बसवण्याआधी काढा.

तिला आधी हसूच आलं. सासूबाईंच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत होता, सोफ्याचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांड्यांना चिकटायचं. त्या घरात वाढलेला मुलगा नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कशाला काढेल?

मग तिचं हसू मावळलं. ओग्नेननं लावलेला लेप पांढरा होता, तिनं स्वतः पाहिला होता. या प्लास्टिकवर लेप होता तो करडा, ताजा, चहूकडे सारखा पसरलेला. म्हणजे यागोदानं ठोकळा काढला होता. पांढरा लेप पुसून काढला होता, लाल अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिनं त्याच प्लास्टिकवर नवा लेप लावून सगळं पुन्हा बसवून टाकलं होतं.

नेवेनाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं फोन केला. “ये. ओग्नेन घरी नाहीये,” आणि मुद्दामच जोडलं, “तरीही ये.”

यागोदा आली, बूट काढले, सवयीनं पाळण्याकडे एक नजर टाकली. नेवेनानं कॉफी पुढे केली. बशीत, जिथं साखरेचा खडा ठेवतात तिथं, ते प्लास्टिक होतं.

यागोदानं ते पाहिलं आणि कोट न काढताच खाली बसली.

“पाहिलं होतंस?”

“हो.”

“मग?”

“मग काय. परत लावलं.”

“त्याच्यासाठी?”

“कुणासाठी? ओग्नेनसाठी?” यागोदानं कप खाली ठेवला. “अगं, तो जेवताना गुणगुणतो. कॉलेजच्या खाणावळीत मी चार टेबलं लांब बसायचे त्याच्यामुळे. त्याला तूच सांभाळ बाई.”

“मग कशाला केलंस हे?”

यागोदानं बशीतलं प्लास्टिक बोटानं सरळ केलं. “पोटुशी होतीस तेव्हा लोणच्याची बरणी उघडायलासुद्धा मला हाक मारायचीस. लेंका झाल्यापासून तुझा एक फोन नाही. हे यंत्र बिघडलं तेव्हा बोलावलंस. दुरुस्त झालं असतं तर पुन्हा कधी बोलावलं असतंस?” मग पाळण्याकडे न बघता म्हणाली, “ती माझ्या खांद्यावर पटकन झोपते.”

ते खरं होतं. नेवेनाच्या खांद्यावर लेंका तासभर रडायची, पाय झाडायची. यागोदानं उचललं की गालाला गाल लावून डोळे मिटायची. इतके दिवस नेवेना टेबलाकडे डोळे लावून बसली होती, दोघांचे हात बघत होती. यागोदाची खुर्ची दर वेळी पाळण्याकडे वळलेली असायची, ते तिला आत्ता दिसलं. नवऱ्याबद्दलचा जळफळाट क्षणात विझला. त्या जागी जे पेटलं ते त्याहून वाईट होतं.

“खांदा तुझा असेल, पोर माझी आहे,” ती म्हणाली. “एवढी हौस असेल तर स्वतःचं आण.”

यागोदा दोनदा इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतली होती, आणि दुसऱ्या खेपेनंतर तिचा माणूसही निघून गेला. दोन्ही वेळेला घरी न्यायला गाडी घेऊन गेली होती ती नेवेनाच. यागोदाखेरीज हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती त्या खोलीत होती, आणि तिनंच ते म्हटलं.

यागोदा उठली. ठोकळ्याचा तळ पुसला, नवा लेप लावला, ठोकळा बसवला, स्क्रू आडवे-तिडवे एकेक करून आवळले. पेनड्राइव्ह लावला. या खेपेला फाइली अर्ध्यावर थांबल्या नाहीत. लेंका जागी झाली, ओळखीची पाठ पाहून हात पसरून तिला हाका मारल्यासारखे आवाज काढू लागली, मग रडू लागली. यागोदानं मान वळवली नाही. सिस्टीम चढेपर्यंत ती पडद्याकडे तोंड करून बसली. पोर रडत राहिली, नेवेनानं उचललं तरी.

“झालं,” यागोदा म्हणाली. बूट घातले. “पासवर्ड तूच टाक.”

कॉम्प्युटर छान चालतो आहे. ओग्नेनचं दोनदा विचारून झालं, “काय बोललीस तू तिला?” नेवेनानं अजून सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी बाप्तिस्मा आहे. सासूबाई म्हणतात, ओग्नेनच्या बहिणीला उभं करू. नेवेना नाही म्हणते. पोर धरील तर यागोदा धरील, नाहीतर पोर बाप्तिस्म्याविना तशीच राहील. यागोदा फोन उचलत नाही. कंपनीत सांगतात, रजेवर आहे. नेवेना लेंकाला घेऊन दोनदा तिच्या घरी जाऊन आली. पडदे ओढलेले, बेल वाजवली तरी आत हालचाल नाही. शेजारीण म्हणते, कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवलेली दिसली नाही बऱ्याच दिवसांत.

नेवेनाची बेल ऐकून ती दार उघडणार नाही. म्हणून, तुमच्यापैकी कुणी किल्ल्याकडच्या पुलावरून जाणार असाल तर उतारावरच्या बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताचं दार एकदा वाजवा. कुणी पाठवलं ते सांगू नका. तिनं उघडलं तर एवढंच बघा की ती जेवतेय ना, झोपतेय ना, आणि नेवेनाला कळवा. नाहीच उघडलं, तर तसं निघून येऊ नका, पुन्हा वाजवा.