करडाची भीती

आमच्या ऑफिसात मी पगार घेते तो खेळ मोडायचा. बाकीचे सगळे कॉम्प्युटरवर खेळ बनवतात आणि मी त्यात नको तिथे उड्या मारून, भिंतींवर डोकं आपटून, तो कुठे तुटतो ते शोधते. वयाने मोठी म्हणून सगळ्यांनी मला मावशी करून टाकलंय. मला ते मुळीच आवडत नाही, पण माझं ऐकतो कोण!

टीममधली सगळ्यात लहान प्रोग्रामर म्हणजे धाकटी. डोकं तल्लख, पण जीव सदा टांगणीला. आमचे साहेब म्हणजे सर; त्यांनी नुसती हाक मारली तरी ती दचकायची. त्यासाठी डॉक्टरकडे जात होती, श्वासाचे व्यायाम शिकली होती, आणि ते आपण बरोबर करतोय ना, याचीही काळजी करत होती.

नव्या खेळातला एक भाग पूर्ण तिचा होता. चुकलेलं करडू दोरीला धरून, धुक्यातून डोंगरापलीकडे घरी न्यायचं. करडू कशाला बिचकेल, कधी पाय रोवेल, कधी विश्वास टाकेल, सगळं तिनं महिनोन् महिने खपून बसवलेलं. सरांना मात्र तो भाग रटाळ वाटत होता. "गुरुवारी बाहेरच्या माणसाला खेळायला देऊ. त्याला कंटाळा आला तर काढून टाकू," असं त्यांनी सांगून टाकलं.

गुरुवारी सकाळी धाकटी माझ्या टेबलाशी आली.

"मावशी, भाग गेला तर मीही जाणार. ताईच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा आहे. तिला आज संध्याकाळी सांगायचंय."

"आणि राहिला तर?"

"राहत नाही हो."

असल्या बोलण्यानं माझं डोकं फिरतं. "आधीच रडगाणं कशाला? कामाला लाग," म्हणून मी तिला पिटाळलं. पण खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. ती पोर मला फार आवडते.

खेळायला आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दोन पेशंटच्या मधल्या वेळात सरांनी त्यांना गळ घातली होती. अशा वेळी आमच्याकडे एक कडक नियम असतो. ज्यानं भाग बनवला त्यानं मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. नाहीतर "इकडे वळा, ते दाबा" करत तोच सगळा खेळ खेळून मोकळा होतो.

बाईंनी करडाची दोरी धरली आणि निघाल्या. करडू मुकाट मागे. झुलता पूल आला, पार झाला. धबधबा आला, त्याच्याही आवाजातून करडू तुरुतुरु चालत गेलं. बाईंनी हळूच जांभई दाबली. "छान आहे हो," त्या म्हणाल्या, पण दुसऱ्याच्या घरचे पडदे नावडले की आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात. सरांनी घड्याळ पाहिलं.

मला काही कळेना. याच पुलावर त्या प्राण्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते. मी धाकटीकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"मावशी," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मी त्याची भीती बंद ठेवलीय."

शेवटी येणारा घराचा दरवाजा नीट उघडतोय ना, हे तिला सकाळी पुन्हापुन्हा तपासायचं होतं. दर वेळी करडाची मनधरणी करत तिथवर जायला वेळ कुठे होता! म्हणून तिनं त्याची भीती बंद केली आणि परत चालू करायला विसरली. मी कपाळावर हात मारला.

"सांग मग!"

"सरांसमोर? मला नाही जमणार."

मी अर्धी उठलेही होते. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. धाकटी उभी राहिली होती.

"थांबा. चूक माझी आहे. करडू घाबरायला हवं. मी ते बंद ठेवलं, चालू करायचं राहिलं." तिचा आवाज फाटला होता.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"एक मिनिट."

"मग कर की. उभी काय राहिलीस?"

घाईत तिचं टायपिंग दोनदा चुकलं. एकाला हसू फुटणार होतं, त्याच्याकडे मी डोळे वटारले.

बाई पुन्हा निघाल्या. या वेळी पुलाशी करडानं पाय रोवले. बाईंनी दोरी ओढली, ते मागे सरकलं. आणखी ओढली तर खालीच बसलं, अंग कापतंय. बाई पुढे झुकल्या. मग त्यांनी ओढणं सोडलं, दोरी सैल केली आणि नुसत्या थांबल्या. बऱ्याच वेळानं करडू उठलं, जवळ आलं, हात हुंगला. "चल बाळा," बाई पडद्याशी बोलल्या, "मी आहे ना." दोघं पावला-पावलानं पूल पार करू लागली.

खालून त्यांची मदतनीस सांगायला आली, "मॅडम, पेशंट आलेत."

"बसू दे जरा."

करडू घरी पोचवूनच त्या उठल्या. "हे कोणी केलं?"

धाकटीनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"माझ्या खुर्चीत रोज अशी माणसं बसतात, चांगले धिप्पाड गडीसुद्धा. घाई केली की आणखी आखडतात. हे मला कळायला कितीतरी वर्षं लागली. तुला कसं गं कळलं?"

"मी तशीच आहे," धाकटी म्हणाली.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या गेल्या. "भाग राहतोय," सर म्हणाले. "पुलावरचा वेळ थोडा कमी कर." काहीतरी सुचवल्याशिवाय सरांना चैन कुठली!

संध्याकाळी तिच्या ताईचा फोन आला. धाकटी बाहेर पॅसेजमध्ये बोलत होती आणि मी तिथेच उगाच बाटली भरत उभी होते. हो, मुद्दाम ऐकत होते.

"नाही ताई, मी नाही येत शाळेत. अगं, बरं कुठलं वाटतंय! हात अजून गार आहेत. सोमवारी नवा भाग सुरू होतोय, त्याची आत्ताच धडकी भरलीय. हो, गोळ्या घेतेय, डॉक्टरांकडेही जाणारच आहे. ते काय एकदम जाणारंय का?" मग नाक ओढून म्हणाली, "पण ताई, आज एक बाई माझ्या करडासाठी थांबली गं. खाली दवाखान्यात पेशंट ताटकळत होता, तरी थांबली."