तिसऱ्या मजल्यावरचा हिरवा पाइप

आमच्या वाचनालयाला लोक 'आतडी' म्हणतात. इमारतीचं सगळं पोटच बाहेर आहे ना, म्हणून. पाण्याचे पाइप हिरवे, हवेचे पांढरे, विजेच्या तारांच्या नळ्या नारिंगी, आणि लिफ्ट काचेच्या पेटीतून बाहेरच्या बाहेर वर जाते. पोलादी खांबसुद्धा बाहेरच. मग आत काय उरतं? या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी जागा, मध्ये एकही खांब नाही, आणि उजेडच उजेड. लोक बाहेरून नाक मुरडतात आणि आत येऊन चार-चार तास हलत नाहीत. मला या लोकांचा भयंकर राग येतो.

इथली देखभाल मी बघते. पाइप गळला तर भिंत फोडायची भानगड नाही. शिडी लावली की काम झालं, आत वाचत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ज्या कुणा आर्किटेक्टने हे डोकं चालवलं, त्याला मी रोज मनातल्या मनात हात जोडते.

तर या इमारतीला चकचकीत पत्र्याने झाकून टाकायचं विश्वस्तांच्या मनात आलं. पत्रेवाल्याने चित्रही आणलं. गुळगुळीत, करडा खोका! याहून साबणाची वडी बरी दिसते. मी भांडभांड भांडले. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही इथे नोकरीला, तुम्हाला प्रेम असणारच. ही इमारत बांधणाऱ्यांपैकी कुणी आहे का? त्यांना विचारू आणि मग ठरवू."

बांधणाऱ्यांपैकी एकच जण आता गावात होता. माझे बाबा.

बाबा पाइपफिटर. इथले सगळे हिरवे पाइप त्यांच्या हातचे, ओळंब्यात सरळ. फक्त रस्त्याकडचा एक पाइप तिसऱ्या मजल्यावर उगाचच वीतभर डावीकडे सरकतो आणि मग परत सरळ वर जातो. खांबाच्या मध्यापासून माप घ्यायचं, ते बाबांनी कडेपासून घेतलं. चूक कळली तेव्हा पाइप धरून ठेवणारे वरचे सगळे क्लॅम्प वेल्ड होऊन बसले होते, म्हणून पाइपच वळवून घ्यावा लागला. तेव्हापासून एकतीस वर्षं बाबा त्या रस्त्याने जात नाहीत. माझा विसरलेला डबा द्यायला आले तरी मागच्या गल्लीतून येतात आणि दारातूनच परत फिरतात. पत्र्याचं ऐकल्यावर तर म्हणाले, "झाकतायत? बरंच झालं."

शनिवारी सकाळी सगळे समोरच्या फुटपाथवर जमले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"आजोबा, तुम्हीच सांगा," पत्रेवाला लाडात येऊन म्हणाला, "एवढं उघडं बरं दिसतं का?"

बाबांनी मान वर केली. मग बोट दाखवून म्हणाले, "तो वाकडा पाइप दिसतोय?"

"कुठला?" अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"तो काय, तिसऱ्या मजल्यावर!"

कुणालाच दिसेना. खजिनदार तर लिफ्टकडे बघत होते. बाबा चक्क चिडले. "अहो, एवढा ढळढळीत दिसतोय! खालून मोजा, एक, दोन, तीन. हां, तिथे."

"अय्या, खरंच की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी रोज येते इथे."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकतीस वर्षं ज्या पाइपापायी मागच्या गल्लीतून गेले, तो कुणाच्या नजरेसही पडला नव्हता.

"माझी चूक आहे ती," ते हळू आवाजात म्हणाले. "जन्मभर भिंतींच्या आत पाइप टाकले. तिथेही चुका केल्या. वर प्लास्टर चढलं, मी विसरून गेलो. त्यातली एक आज आठवत नाही. ही मात्र उघड्यावर राहिली. त्यानंतर दोनदा मोजल्याशिवाय मी पाइप कापलेला नाही." ते पत्रेवाल्याकडे वळले. "झाकू नका. इथे प्रत्येकाला नीट काम करावंच लागतं."

पत्रेवाल्याने चित्राची गुंडाळी केली. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "रंग उडालाय हो बराच. पाइपांचं रंगकाम कधी काढताय?" मला रडू फुटलं. नोकरीच्या ठिकाणी, सगळ्यांसमोर.

मग मी बाबांचा हात धरला आणि त्यांना समोरच्या दाराने आत नेलं. त्यांनी पाहिली होती ती परांच्यांनी भरलेली, धुळीने माखलेली इमारत. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या दालनात उभे राहिले. लांबच लांब टेबलं, माना खाली घालून वाचणारी माणसं, आणि काचेपलीकडे त्यांचा हिरवा पाइप.

"एवढी जागा?" बाबा कुजबुजले. "ही कुठून आली?"

"तुमचे पाइप बाहेर आहेत ना बाबा," मी म्हटलं, "म्हणून."